शेणाची साक्ष

माझ्या नवऱ्याचं नाव नृसिंह. नृसिंह गणेश निसळ. घेतलं नाव, उखाणा नाही की काही नाही. आता ते नाहीत आणि मी अशा वयाला पोचलेय की मला कोण काय म्हणणार! नगरच्या तोफखान्यात आमचं बिऱ्हाड. हे शाळेत सायन्स शिकवायचे आणि शाळा सुटली की गावभरची घाण घरी आणून तपासत बसायचे. घाणच म्हणते मी, दुसरा शब्द नाही.

हे गेले तेव्हा शाळेनं एक पुस्तिका काढली. त्यात छापलंय, ‘निसळ मास्तरांनी केवळ विज्ञानाच्या बळावर एका निरपराध माणसाला तुरुंगातून सोडवलं.’ वर यांचा फोटो, खाली हेडमास्तरांचे दोन शब्द. वाचलं आणि तिडीक गेली डोक्यात. खोटं नाही हो ते. पण खरंही नाही. म्हणून जे झालं ते मीच सांगते, कारण त्या सगळ्या उद्योगात मी होते आणि माझ्या हातूनही शहाणपणा झालेला नाही.

आधी यांचा छंद सांगते. माळीवाड्यातून आलेल्या माणसाच्या वहाणेला कुठली माती लागते, भिंगारहून आलेल्याच्या कुठली, पिंजाऱ्याच्या भुवयांत काय अडकतं, सोनाराच्या नखांत काय उरतं, असल्या सगळ्याच्या पुड्या बांधून ठेवायच्या. पुडीवर तारीख, जागा, माणसाचं नाव. कपाटात साड्यांना जागा नाही, पुड्यांना आहे! शेजारच्या दमयंतीबाईंची तुपाची बरणी रोज थोडी थोडी उतरायची. त्यांचा संशय भांडेवालीवर. यांनी बरणीच्या कडेला आतून कोरडी नीळ चोळली. दुसऱ्या दिवशी दमयंतीबाईंचे यजमान ऑफिसला निघाले ते निळ्या मिशा घेऊन. गल्ली आठ दिवस हसत होती. तेव्हापासून कुणाचं काही गेलं, कुणाला काही झालं, की यांच्याकडे यायचे लोक. आणि हे म्हणायचे, ‘माणूस खोटं बोलतो, कण बोलत नाही.’ एवढं म्हणून माझ्याकडे बघायचे, मी टाळी वाजवीन म्हणून.

त्रेचाळीस साल. पोळा होऊन तीन आठवडे झाले असतील. दुपारी मी डाळ निवडत बसले होते, तर दारात एक बाई. गुडघ्यापर्यंत धूळ, ओठ फुटलेले, हातात घट्ट धरलेली चिठ्ठी. आमच्याच गल्लीतल्या वकिलांनी दिलेली. म्हणाली, ‘मास्तर हायेत का? म्या बनुबाई. घोडेगावाकडनं आले.’

घोडेगावाहून चालत! बावीस मैल. पायरीखाली उभी राहिली ती आणि मीही वर ये म्हटलं नाही. पाणी दिलं ते वरून ओतून, ओंजळीत. हे आता सांगताना माझा मलाच राग येतो. पण तेव्हा नाही आला, तेव्हा मला त्यात काही वावगंच वाटलं नाही.

हे आले, चिठ्ठी वाचली. प्रकार असा होता. घोडेगावच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथले आप्पासाहेब म्हणजे बडं प्रस्थ, मळे, माणसं, गोठा. त्यांची बैलजोडी घोडेगावच्या बाजारात नाव काढलेली. पोळ्याच्या संध्याकाळी जोडीतला डावा बैल कुंथायला लागला, लाळ, हगवण, आणि तिसऱ्या दिवशी मेला. फौजदारानं बैलाच्या कोठ्याचा तुकडा मिठाच्या पाण्यात घालून, बाटलीवर लाखेचं सील ठोकून मुंबईला पाठवला. मुंबईहून उत्तर आलं, पोटात सोमल आहे. सोमल म्हणजे जालीम विष. पण आप्पासाहेबांनी उत्तराची वाटच पाहिली नव्हती. बैल मेला त्याच दिवशी त्यांनी नाव सांगून टाकलं. छगन. बनुबाईचा नवरा.

छगनच का? तर तो पोळ्याच्या दुपारी गोठ्यात दिसला होता. का गेला होता गोठ्यात? तेही ऐका. दोन वर्षांपूर्वी त्या वाडीच्या महारवाड्यात सभा झाली होती आणि ठराव झाला होता, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, सणाचं वाढणं मागायला जायचं नाही. पोळ्याला आप्पासाहेबांनी मुद्दाम माणूस पाठवला, वाढणं घेऊन जा म्हणून. छगन गेला. गोठ्यात पूजा चालली होती, चार पाहुणे होते. त्यांच्यासमोर त्यानं हात जोडून सांगितलं, ‘मालक, आमाला वाढनं नको.’ एवढंच. शिवी नाही, आवाज नाही. पण आप्पासाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिसऱ्या दिवशी बैल मेल्यावर ओढून न्यायला बोलावलं, त्यालाही तो नाही म्हणाला. झालं! संध्याकाळी फौजदार दारात.

‘खरं सांग,’ मी बनुबाईला विचारलं, ‘तुझ्या नवऱ्यानं नाही ना काही घातलं बैलाला?’

ती म्हणाली, ‘का घालंल, बाई? कातड्यासाठी मारला म्हनतो फौजदार. आमी ढोराला हात लावायचं सोडून दोन वर्सं झाली. कातडं घिऊन काय डोईला गुंडाळायचं?’

ह्या बोलण्यात न कळण्यासारखं काय होतं? दुसरीतल्या पोराला कळेल. मी संध्याकाळी वकिलांना गाठलं आणि म्हटलं, हे एवढं कोर्टात सांगा की, सुटला माणूस. वकील हसले. म्हणाले, ‘वहिनी, फौजदाराला ते सांगून झालंय. तो म्हणतो, कातड्यासाठी नसेल तर सूड म्हणून घातलं असेल.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सदरा आधी शिवून तयार, आता तो त्या माणसाच्या अंगात कसाही कोंबायचा!

पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते, असं वकील म्हणाले. जामीन द्यायला कुणी पुढे येईना. ते दिवस असे होते की किल्ल्यात मोठमोठे पुढारी डांबलेले, आमच्या गल्लीतल्या बायका त्यांच्यासाठी उपास करायच्या. मीही केले. आणि तिथून हाकेच्या अंतरावर छगन कच्च्या कैदेत पडलेला, त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. बनुबाईला तर भेटूसुद्धा देत नव्हते. तीनदा गेली, तीनदा दारावरच्या शिपायानं परत घालवली, कागद आण म्हणून. कसला कागद ते सांगेना मेला.

आणि आमचे हे? यांना राग आला का? छे! यांचे डोळे चमकले. ‘सोमल!’ म्हणाले, कुणी हातावर पेढा ठेवावा तसे.

मी सहज विचारलं, ‘अहो, पोळ्याला शिंगं रंगवतात, त्या रंगाचं काही नसेल ना?’

‘अगं, शिंगांना हिंगूळ लावतात. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. त्यात सोमल कुठला?’ म्हणाले. ‘जे येत नाही त्यात बोलू नये.’

यांनी जन्मात बैलाच्या शेपटीला हात लावलेला नव्हता, पण पोळा म्हटलं की हिंगूळ, हे नगरात शेंबड्या पोरालाही माहीत. त्यामुळे ती शंका तिथेच मेली.

मग सुरू झाली तपासणी. म्हणाले, विहिरीच्या पाण्यात असेल, कडब्यावर काही पडलं असेल. बनुबाईनं पुन्हा बावीस मैल चालत येऊन पाणी दिलं. मग पुन्हा कडबा दिला. तपासायची रीत अशी की जिनसात मिठाचं ॲसिड घालायचं, त्यात तांब्याची चकचकीत घासलेली पट्टी टाकायची आणि उकळायचं. सोमल असेल तर पट्टी काळवंडते. लढाईमुळे शाळेत तांब्याची पट्टी शिल्लक नाही, ॲसिड नाही. ॲसिड यांनी डाग देणाऱ्या पत्रेवाल्याकडून आणलं. आणि पट्टी? सकाळी पूजेला बसायचं म्हणून मी ताम्हण घ्यायला गेले तर ताम्हणाची कड कापलेली! माझ्या आईनं दिलेलं देवाचं ताम्हण हो! कात्रीनं पापड कापावा तसं कापलेलं.

मी जे तोंड सोडलं ते पार झेंडीगेटापर्यंत ऐकू गेलं असेल. हे शांत. म्हणाले, ‘जुनं तांबं आहे, शुद्ध आहे. नुसत्या ॲसिडात उकळून पाहिलं मी, अजिबात काळं पडलं नाही. फार उत्तम ताम्हण दिलंय तुझ्या आईनं.’ आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पाण्यात काही निघालं नाही. कडब्यात काही निघालं नाही. पट्ट्या लाल त्या लालच. असे तीन आठवडे गेले. कडबा घेऊन आली तेव्हा बनुबाई जाता जाता म्हणाली, ‘सासू गेली, बाई. त्येला माती द्यायला सोडलं न्हाई.’ एवढं सांगून ती उन्हात चालायला लागली. मी घरात आले आणि यांच्या टेबलावरच्या सगळ्या पुड्या एका झटक्यात खाली ढकलल्या. ‘इथे बसून पाणी काय उकळताय? उठा! तिकडे जाऊन बघा! मीही येते.’

मी का, तर त्या घरातल्या बायका यांच्याशी बोलल्या नसत्या.

त्या वेळी सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. इमामपूरच्या घाटात सगळ्यांना खाली उतरवलं आणि ढकलायला लावलं. घोडेगावाहून पुढे बैलगाडी. आप्पासाहेबांना वाटलं, नगरचा मास्तर म्हणजे सरकारनंच धाडलाय. जाजम अंथरलं, चहा आला, दूध आलं. ‘या या मास्तर. तपासा काय तपासायचं ते. फक्त त्या छगनला सोडू नका. ह्या लोकांना लई मस्ती चढलीया.’ मला तो चहा गिळवेना. ह्यांनी प्याला, वर बशीही.

गोठ्यात जोडीतला उरलेला बैल बांधला होता. हे त्याच्यासमोर गेले आणि उभेच राहिले. शिंगं पिवळीजर्द. लाल नाही, पिवळी.

‘हे हिंगूळ नाही,’ हे म्हणाले.

‘लढाईत हिंगूळ कुठला गावतोय?’ आप्पासाहेब म्हणाले. ‘समदा बाजार फिरलो, न्हाई मिळाला. मग दुकानदारानं हरताळ दिली. लाल न्हाई तर पिवळं, बैलाला काय कळतंय? तेलात कालवून मीच लावली, माझ्या हातानं. अंगावर पंजेबी मीच उमटवले.’

हरताळ मला ठाऊक होती. माझ्या वडिलांकडे पोथीतलं चुकलेलं अक्षर पुसायला हरताळ फासायचे. पोरांनी हात लावला की वडील फटका द्यायचे, विषारी आहे म्हणून. हे माझ्याजवळ सरकले. ‘अगं,’ माझ्या कानाशी म्हणाले, ‘हरताळ म्हणजेच सोमल आणि गंधक. त्यातून बाजारातली स्वस्त हरताळ, तिच्यात नुसता सोमलही भरपूर असतो.’

मग बैल नीट पाहिला. उजव्या अंगाला पिवळे पंजे पाचही बोटांसकट शाबूत. डाव्या अंगाला, जिकडे मेलेला जोडीदार बांधलेला असायचा तिकडे, मान, खांदा साफ. चाटून चाटून केस एका बाजूला बसलेले. उजव्या शिंगावर रंगात चिकटवलेली बेगड चमचमत होती, डाव्यावर बेगडीचं नाव नाही. दहा वर्षं एका जुवाखाली चाललेले बैल ते, एकमेकांना चाटणारच. आप्पासाहेबांनी बैलाला आपल्या हातानं सजवलं होतं आणि आपल्याच हातानं मारलं होतं. हे तिथेच काहीतरी बोलणार, एवढ्यात मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की तोंडातला शब्द तोंडात राहिला. रंगाची खरवड पुडीत घेतली, एवढंच.

अंगणात आल्यावर हे हळू म्हणाले, ‘रंगात सोमल आहे हे मी दाखवीन. पण हाच रंग मेलेल्या बैलाच्या पोटात गेला हे कसं दाखवू? बैल मीठ घालून पुरलाय. त्याच्या पोटातलं काही मिळालं असतं तर...’

‘शेण!’ मी म्हटलं.

‘शेण काय दीड महिना राहतं?’

आता काय म्हणावं या पुरुषांना! कॉलेजात गेले, बी.एस्सी. झाले, पुड्या बांधण्यात जन्म काढला, आणि रोज ज्याच्यावर आंघोळीचं पाणी तापतं ते कशाचं असतं ते ठाऊक नाही. ‘गोवऱ्या कोण थापतं ते विचारून येते,’ म्हणून मी मागच्या अंगाला गेले.

आप्पासाहेबांची सून लंकाबाई हौदाजवळ भांडी घासत होती. वीस-बावीस वर्षांची असेल. मी आधी इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, पोळ्याच्या वेळच्या गोवऱ्या जळून गेल्या असतील नाही? तिचा हात थांबला.

‘दुसऱ्या दिशीच्या चार येगळ्या ठिवल्यात,’ ती म्हणाली. ‘त्या बैलाचं शेन पातळ हुतं, राख मिसळून थापलं. थापताना चमकाया लागलं. सासूबाई म्हनल्या, पोळ्याच्या बैलाच्या पोटातनं लक्ष्मी आली, जाळू नगं. व्हळीत घालायच्यात.’

बघा! बैल पोटात बेगड घेऊन मरत होता आणि घरात म्हणे लक्ष्मी आली! मला हसावं की रडावं कळेना. लंकाबाईनं माडीखालच्या कोनाड्यातून हळदकुंकू वाहिलेल्या चार गोवऱ्या काढल्या. त्यातल्या एकीवर उन्हाची तिरीप पडली तर खरंच कण चमकले. द्यायला हात पुढे केला आणि थांबली. पोरगी बावळट नव्हती. तिला सगळं कळलं होतं.

‘ह्यानं त्यो मानूस सुटंल का?’

‘सुटेल.’

‘मग न्या,’ म्हणाली. आणि पुन्हा भांडी घासायला बसली, पाठ करून.

घरी आल्यावर यांनी आमच्या स्वयंपाकघरात गोवऱ्या उकळल्या. हो, उकळल्या! ॲसिडात! तो वास मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी आमच्या घरची गोवरी घेतली. म्हणाले, ‘उद्या कुणी म्हटलं की सगळ्याच गोवऱ्यांनी पट्टी काळी होते, तर?’ आमच्या गोवरीत ताम्हणाची पट्टी लालच राहिली. मग लंकाबाईची गोवरी. घटकाभरात पट्टी काळी, पाटीसारखी काळी. ती पट्टी बारीक काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवली, तर नळीच्या थंड बाजूला पांढरं कडं धरलं. भिंगातून मला दाखवलं. इवले इवले कोनदार खडे, साखरेहून स्वच्छ. ‘हा सोमल,’ म्हणाले. ‘पारा असता तर थेंब दिसले असते.’ मग बेगडीचा एक कण भिंगाखाली धरला. त्याच्या पाठीला पिवळा रंग चिकटलेला होता. हे लहान मुलासारखे हसायला लागले, आणि मी मनात म्हटलं, आता बघते त्या आप्पासाहेबांकडे.

दिवाळी गेली. तारखा पडत राहिल्या. डिसेंबरात केस उभी राहिली. त्या दिवशी आम्ही छगनला पहिल्यांदा पाहिलं. उंच माणूस, पण सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता. खाली बघत नव्हता, समोर बघत होता.

यांनी कोर्टात स्टोव्ह लावायची परवानगी मागितली. मिळाली! रंगाची खरवड उकळली, पट्टी काळी. गोवरी उकळली, पट्टी काळी. आमची गोवरी उकळली, पट्टी लाल. मॅजिस्ट्रेटसाहेब नाकाला रुमाल लावून खुर्चीतून उठून बघायला आले. सरकारी वकील मात्र हुशार. म्हणाले, ‘मास्तर, रसायन झकास. पण हे शेण त्याच बैलाचं कशावरून? बाजारात हरताळ नि बेगड तुम्हालाही मिळते.’

हे आमच्या वकिलांकडे बघायला लागले. आमच्या वकिलांनी लंकाबाईला समन्स काढलं होतं, पण ती येईल याची कुणालाच खात्री नव्हती. तिचा सासरा पहिल्या बाकावर मिशीला पीळ देत बसलेला. नाव पुकारलं. दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर ती आली, डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला. आवाज इतका बारीक की साहेबांना मोठ्यानं बोल म्हणावं लागलं. तेव्हा ती मोठ्यानं बोलली. ‘त्या बैलाचं शेन म्या थापलं. माज्या हातानं. चमकत हुतं म्हनून येगळं ठिवलं. ह्या बाईंना म्याच दिलं.’ आप्पासाहेब उठून उभे राहिले होते. साहेबांनी त्यांना खाली बसवलं. घरी गेल्यावर त्या पोरीला काय ऐकावं लागलं असेल ते तिचं तिला ठाऊक.

छगन सुटला. साहेबांनी भर कोर्टात यांची तारीफ केली, हात मिळवला. शाळेच्या पुस्तिकेत जे छापलंय ते इथवरचं.

बाहेर आल्यावर मी आप्पासाहेबांच्या आडवी गेले. ‘का हो आप्पासाहेब, तुमच्या रंगापायी त्या माणसाचे तीन महिने गेले, आई गेली, त्याला काही बोलाल की नाही?’

‘बाई, कायद्यानं सोडला ना त्याला?’ ते म्हणाले. ‘मग झालं की. माझा तर बैल गेला.’ आणि धोतराचा सोगा सावरत निघाले. मी तिथे काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आसपासचे वकील ऐकत राहिले.

छगन आणि बनुबाई लिंबाखाली उभे होते. हे त्यांच्याकडे गेले. चेहरा कसा उजळलेला! खिशातून काळी पट्टी काढली आणि छगनला समजावून सांगायला लागले, हरताळ कशी, सोमल कसा, बैल कसा चाटत गेला. छगननं सगळं ऐकून घेतलं.

‘मास्तर, तुमचं उपकार झालं,’ तो म्हणाला. ‘न्हाई म्हनत न्हाई. पर येक इचारू? तुरुंग तुमच्या घरापासनं किती लांब?’

‘असेल दहा-बारा मिनिटांवर.’

‘तुमी वाडीला आला. बैलाचं शिंग बगितलं, मान बगितली. शेन घरी निऊन उकळलं. माज्याकडं येकदाबी आला न्हाई.’

‘अरे, पण तुझ्याकडून मला काय कळणार होतं?’ हे बोलून गेले.

छगन हसला नाही, चिडलाही नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, मग यांच्याकडे. ‘पोळ्याच्या दिशी मी गोठ्यात हुतो, मास्तर. जो मेला त्यो बैल जोडीदाराचं पिवळं शिंग चाटत हुता, माज्या डोळ्याम्होरं. त्येच्या जिभंला बेगड चिकाटली हुती. मालकाला बोललो, मालक, ह्यो रंग येगळा हाय, बैल चाटतोय. मालक म्हनला, तू मला शिकवू नगं. धरून नेला त्याच दिशी फौजदाराला सांगितलं. त्येनं कानाखाली दिली, लिवलं न्हाई. वकीलसायेब आलं, कागदावर आंगठा घेतला आन् गेलं. त्येंना म्हनलं, ऐका. तर म्हनलं, कोर्टात नुस्तं न्हाई म्हन.’

हे पांढरेफटक पडले. पाणी, कडबा, पाऊण महिना, सगळं माझ्याही डोळ्यांसमोर आलं. पहिल्या दिवशी मीही त्याच्या बायकोला विचारलं होतं, नाही ना घातलं म्हणून. त्यानं काय पाहिलं, असं मी तिला विचारलं नव्हतं.

‘मग मला निरोप तरी पाठवायचास,’ हे कसेबसे म्हणाले.

‘कुनासंगं?’ छगन म्हणाला.

एवढं बोलून तो आणि बनुबाई औरंगाबादच्या रस्त्याला लागले. बावीस मैल जायचं होतं. हे काळी पट्टी हातात घेऊन तिथेच उभे राहिले, मी दोनदा हाक मारली तरी हलले नाहीत.